सुक्या पाल्याचा पोर्टेबल व्हेपोरायझर: भरणी, तापमान, जोडसाहित्य आणि सफाई

मंदआच (धागाकर्ता)

पोर्टेबल ड्राय हर्ब व्हेपोरायझरबद्दल तक्रारी फिरून फिरून तीनच येतात. वाफ येत नाही, करपट लागतं, ओढायला जड जातं. तिन्हींवर उपाय म्हणून लोक आधी काहीतरी विकत घेतात: लांब काचेची नळी, कॅप्सूल, पाण्याचा अडॅप्टर (वाफ पाण्यातून नेणाऱ्या काचेच्या भांड्याला यंत्र जोडणारा तुकडा). या वस्तू वाईट नाहीत, पण दोष बहुतेक वेळा चेंबरमधून, म्हणजे पाला भरायच्या कप्प्यातून, हवा कशी जाते यात असतो आणि तो पैसे न घालता सुटतो. म्हणून आधी भरणी आणि तापमान, जोडसाहित्य नंतर. चर्चा लॅव्हेंडर, कॅमोमाइल, पुदिना, लेमन बाम, थाइम, सेज, निलगिरी अशा सुगंधी पाल्यापुरती ठेवू. उपकरण आणि वनस्पती या दोन्हींचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, ते आधी पाहून घ्या.

यात पाला जाळायचा नसतो, फक्त तापवायचा असतो. सुका पाला साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास धुमसू लागतो. सुगंधी तेलं त्याच्या खालीच सुटायला लागतात. कंडक्शनच्या यंत्रात चेंबरची भिंत तापते आणि पाला तव्यावर पडल्यासारखा कडेकडून भाजत येतो. कन्व्हेक्शनमध्ये आधी हवा तापते आणि ती पाल्यातून जाते. बरीच यंत्रं दोन्हींची सरमिसळ असतात. आपलं यंत्र कुठल्या बाजूला झुकतं हे कळल्याशिवाय दळण किती बारीक आणि भरणी किती घट्ट याचं उत्तर मिळत नाही.

नवीन यंत्र असेल तर चेंबर रिकामा ठेवून सर्वांत वरच्या तापमानावर दोन-तीन सेशन चालवा, खिडकी उघडी ठेवून. कारखान्यातलं तेल आणि धूळ उडून जाते. पहिल्या भरणीला येणारा धातूचा किंवा रबराचा वास बहुतेक त्याचाच असतो.

दळण: कंडक्शनला बारीक, पण पीठ नको. जाडसर रव्याएवढं पुरे. भरणी बोटाने हलकेच दाबलेली, जेणेकरून पाला भिंतीला सगळीकडे टेकेल. कन्व्हेक्शनला भरड, चहाच्या पत्तीएवढं, आणि सैल. इथे दाबलं की हवा मधोमध एक बोगदा पाडून निघून जाते, कडेचा पाला कच्चा राहतो आणि बोगद्यातला करपतो. चोथा काढल्यावर मधे काळा आणि कडेला हिरवा दिसला तर हेच झालंय असं समजा. उलट, कडेला काळा आणि मधे हिरवा दिसला तर यंत्र कंडक्शनचं आहे आणि मधे एकदा ढवळायला हवं होतं.

भरणी चेंबरच्या काठाच्या दीड-दोन मिलिमीटर खाली थांबवा. वरच्या जाळीला पाला चिकटला की तो जाळीतून वर येतो, तिथला कीट वाढतो आणि दोन दिवसांत ओढ जड होते.

पुदिना_पान

तापमानाचं लिहा ना. वेगवेगळ्या तक्त्यांत वेगवेगळे आकडे दिसतात. लॅव्हेंडरला कुठे १३० तर कुठे १९०.

मंदआच

दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. लॅव्हेंडरमधलं लिनालूल १९८ अंशांना उकळतं, लिनालिल असिटेट २२० च्या आसपास. निलगिरीतलं सिनिओल १७६, पुदिन्यातला मेंथॉल २१२, थाइममधला थायमॉल २३२. पण हे उकळबिंदू आहेत, उडण्याची सुरुवात नव्हे. ओले कपडे १०० अंशांना न पोचताच वाळतात, तसंच हे. वरून गरम हवा वाहत राहिली की तेल उकळबिंदूच्या बरंच खाली सुटतं. म्हणून नेहमीच्या तक्त्यांत लॅव्हेंडर आणि निलगिरी १३० ला, लेमन बाम १४२ ला, पुदिना १६६ ला, कॅमोमाइल, थाइम आणि सेज १९० ला असतात.

एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा: १३० ते १५० मध्ये वाफ जवळजवळ दिसत नाही. वास आणि चव पूर्ण येते, ढग येत नाही. ढग दिसावा म्हणून लोक २१० वर जातात, पाला एका दमात भाजून निघतो आणि मग करपट चवीची तक्रार होते. लॅव्हेंडरला १३० वर सुरुवात करा, चव मंदावली की १०-१० अंशांनी चढा, १६०-१७० ला थांबा. त्यापुढे फुलाची चव जाऊन भाजल्या गवताची येते.

स्क्रीनवरचा आकडा हीटरजवळच्या सेन्सरचा असतो, पाल्याचा नव्हे. यंत्र तापलं म्हणून थरथरलं तरी पाला अजून मागे असतो. कंडक्शनच्या यंत्राला त्यानंतर ३० ते ६० सेकंद द्या, मग पहिला झुरका.

झुरका लांब आणि मंद, ८ ते १२ सेकंदांचा. सिगारेटसारखा जोरात ओढलात तर थंड हवा हीटरपेक्षा वेगाने आत येते आणि चेंबर गार होतो.

जाळीदार

बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण दळण यंत्रावरून ठरवणं अर्धंच झालं. ते वनस्पतीवरूनही ठरतं, आणि गडबड तिथेच होते.

लॅव्हेंडरच्या कळ्या ग्राइंडरमध्ये घालू नका. दात कळ्यांना नुसते फिरवतात आणि तेल ग्राइंडरच्या भिंतीला लागतं. बोटांनी किंवा खलात एकदा चेपा, कळी उमलली की बास. कॅमोमाइलचं उलटं. फूल हात लावताच मोडतं आणि मधल्या पिवळ्या भागाची धूळ होते. ती जाळीतून थेट तोंडात येते आणि खोकला आणते. मोडल्यावर चहाच्या गाळणीतून चाळा, खाली पडलेली धूळ टाकून द्या. पुदिना आणि लेमन बामची पानं हलकी, पापुद्र्यासारखी. चेंबर भरलेला दिसतो पण वजन काहीच नसतं, म्हणून यांना कन्व्हेक्शनमध्येही थोडं दाबावं लागतं. थाइमच्या काड्या वेचून काढा, त्या तेल देत नाहीत आणि जाळी वर उचलतात. निलगिरीच्या पानाची मधली शीर काढा, कात्रीने बारीक कापा, मगच ग्राइंडर. अख्खं पान टाकलं तर दातांत लांब धागे अडकतात.

ओलाव्याचंही बघा. काडी वाकवल्यावर तुटली पाहिजे, पान चुरगळलं पाहिजे. ओलसर पाल्यात पहिले दोन झुरके निव्वळ पाण्याच्या वाफेचे जातात, आणि ती वाफ कोरड्या वाफेपेक्षा तोंडाला जास्त भाजते. गरम झुरक्याच्या तक्रारीत हे कारण कोणी तपासतच नाही. बुरशीचा वास किंवा पांढरट जाळं दिसलं तर सगळा डबा फेका, तापवून बुरशीचा धोका जात नाही.

निशिगंधा_क

पाला कुठला घ्यावा यावर ठामपणे सांगते. खाण्याच्या किंवा काढ्याच्या प्रतीचा, एकाच वनस्पतीचा, सुगंध न मिसळलेला. सजावटीच्या सुगंधी वाटीसाठी मिळणाऱ्या फुलांवर कृत्रिम अत्तर आणि रंग असतो, तो श्वासात घ्यायचा नाही. चेंबरमध्ये इसेन्शियल ऑइलचे थेंब टाकणं तर अजिबात नको. तेल पाझरून हीटरपर्यंत जातं, तिथे जळतं, आणि तेलाचे थेंब फुप्फुसात जाणं ही वेगळीच दुखापत आहे. पाल्यात जेवढं तेल आहे तेवढंच.

कॅमोमाइल शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. त्या कुळाच्या परागांची ॲलर्जी असेल तर ते वर्ज्य. सेजमध्ये थुजोन हे जास्त मात्रेत विषारी ठरणारं द्रव्य असतं, म्हणून तो चिमटीत आणि क्वचित. दमा असेल, गरोदरपण असेल तर हे उपकरण नकोच. जळणापेक्षा कमी धूर म्हणजे निरुपद्रवी असं नाही, गरम हवा श्वासनलिकेला त्रास देऊ शकते. खोकल्यावरचं औषध म्हणून तर कोणी वापरू नये. मेंथॉल आणि निलगिरीची वाफ लहान मुलांच्या खोलीत नको.

मंदआच

+१. वरचा प्रतिसाद वाचल्याशिवाय कोणी खाली जाऊ नये.

आता जोडसाहित्य. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही हवेच्या वाटेत काय बदल करते?

जाळ्या पहिल्या. स्टेनलेस स्टीलच्या, यंत्रासोबत येतात त्याच व्यासाच्या, पाच-सहा जास्तीच्या ठेवा. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू हीच. बारीक छिद्रांची जाळी धूळ अडवते पण लवकर बुजते. घुमटाकार जाळी सपाटपेक्षा बरी, कारण हवेला जागा जास्त मिळते आणि पाला चिकटला तरी सगळी छिद्रं एकदम बंद होत नाहीत. पितळी जाळी टाळा.

कॅप्सूल. छिद्रांची छोटी डबी, आधी भरून ठेवायची, चेंबरमध्ये टाकायची, झालं की काढायची. चेंबर स्वच्छ राहतो आणि बाहेर असताना चुरा सांडत नाही. किंमत मोजावी लागते ती वेगळी: कॅप्सूल आणि भिंतीत हवेची पातळ फट राहते, त्यामुळे कंडक्शन कमी होतं. ५ ते १० अंश वाढवा आणि अर्धा मिनिट जास्त थांबा. मायटी आणि क्राफ्टी या यंत्रांच्या कॅप्सूलमध्ये साधारण ०.१५ ग्रॅम मावतं, म्हणजे पूर्ण चेंबरच्या निम्मं. लॅव्हेंडरसारख्या हलक्या फुलांचं वजन त्याहूनही कमी भरतं, म्हणून वजनापेक्षा डबी किती भरली ते बघा.

अर्धा चेंबर भरायचा असेल आणि कॅप्सूल नसेल तर वर स्टीलच्या तारेची गोल गादी ठेवतात. पाला जागच्या जागी राहतो, हवा मोकळी. रिकामी जागा तशीच सोडली तर यंत्र आडवं होताच पाला एका बाजूला जातो आणि हवा दुसऱ्या बाजूने पळते.

काचनळी

लांब काचेच्या नळीबद्दल थोडं. वाफ थंड होते ती लांबीमुळे कमी आणि काच वाफेतली उष्णता शोषते म्हणून जास्त. त्यामुळे पहिले तीन-चार झुरके गार आणि मग नळीच तापली की फरक नाहीसा. लागोपाठ सेशन करणाऱ्यांनी दोन नळ्या ठेवाव्यात. एरायझर सोलोसारख्या यंत्रात पाला नळीच्या टोकातच भरतात, तिथे तर आधी भरलेल्या दोन-तीन नळ्या झाकण लावून नेणं सर्वांत सोयीचं.

नळीत ३ मिलिमीटरचे काचेचे किंवा झिर्कोनियाचे (एक प्रकारचं सिरॅमिक) मणी घालतात. गारवा चांगला येतो, पण मण्यांवर वाफ गोठते. म्हणजे चवीचा काही भाग तिथेच राहतो आणि दर चार-पाच सेशननी मणी धुवावे लागतात. कमी तापमानावर, १५० च्या आत, मण्यांची गरजच नाही. वाफ मुळात इतकी गरम नसते.

बाजारात चेंबरजवळ बसणारे सिलिकॉनचे तुकडे मिळतात. माउथपीसच्या टोकाला चालतील. हीटरला टेकणाऱ्या जागी काच, स्टील किंवा यंत्र बनवणाऱ्यानेच दिलेला भागच लावा.

पुदिना_पान

पाण्याचा अडॅप्टर १४ चा घ्यायचा की १८ चा?

काचनळी

भांड्याच्या सांध्यावर अवलंबून. १४ म्हणजे रुंद तोंडाला १४.५ मिलिमीटर, १८ म्हणजे १८.८. सांधा निमुळता असतो, १० मिलिमीटरला १ मिलिमीटर उतार, त्यामुळे पट्टीने मधेच मोजलंत तर चुकेल. सर्वांत रुंद जागी मोजा. आणि भांड्याचं तोंड बाहेरून बसणारं आहे की आत शिरणारं ते बघून अडॅप्टर उलट जातीचा घ्या. घासलेली काच घासलेल्या काचेवर बसते, फिरवून घट्ट दाबू नका. गरम असताना दाबलेला सांधा गार झाल्यावर अडकतो.

पाणी किती? आतल्या नळीचं टोक एक ते दीड सेंटिमीटर बुडेल इतकंच. जास्त पाणी म्हणजे जास्त जोर लावून ओढणं, आणि जोर लावलात की वर मंदआच यांनी सांगितलेला चेंबर गार होण्याचा दोष परत आला. पोर्टेबल यंत्राचा हीटर लहान असतो. खरा धोका वेगळा आहे: यंत्र लावलेलं असताना भांडं वाकवलं किंवा चुकून फुंकर मारली तर पाणी हीटरमध्ये जातं. आधी यंत्र काढा, मग भांडं हलवा.

जाळीदार

पाण्याचा अडॅप्टर पोर्टेबलला लावावा का, याबद्दल मी वेगळं मत मांडतो. सुगंधी पाल्यासाठी नको. जी चव मिळवायला १३० अंशांवर संयम ठेवायचा, तिचा काही भाग पाण्यात आणि भांड्याच्या भिंतीवर जातो. घसा कोरडा पडतो म्हणून लावणार असाल तर आधी १० अंश उतरा आणि शेजारी पाण्याचा पेला ठेवा.

भरडदळण

बॅटरी न लागणाऱ्या यंत्रांचंही लिहितो. डायनाव्हॅप हे यंत्र लायटरच्या ज्योतीवर बाहेरून तापवतात. त्याच्या चेंबरवरच्या टोपीत दोन धातूंची चकती असते, ठरावीक तापमानाला ती टक् वाजते, गार होताना पुन्हा वाजते. पहिल्या आवाजाला ज्योत काढा. नंतरचा प्रत्येक सेकंद करपण्याकडे जातो. ज्योत टोपीच्या टोकाजवळ धरली की आवाज लवकर होतो आणि भाजणी सौम्य राहते, बुडाजवळ धरली की उशिरा आणि कडक. फुलांसाठी टोकाजवळ. सतत फिरवत राहा, एका बाजूला धरलं तर तीच बाजू करपते. दुसरा आवाज होईपर्यंत पुन्हा तापवू नका आणि टोपीला हात लावू नका. चेंबर साधारण ०.१ ग्रॅमचा, त्यामुळे दळणाचा दोष लगेच कळतो.

निशिगंधा_क

सफाईवर कोणी लिहिलं नाही अजून.

सेशन संपल्यावर चेंबर कोमट असतानाच चोथा उलटा करून काढा आणि मऊ ब्रशने दोन फेऱ्या मारा. थंड झाल्यावर तोच चोथा चिकटतो आणि खरवडावा लागतो, खरवडलं की आतला लेप निघतो. धातूच्या टोकाने चेंबर कधीच खरवडू नका.

दर आठ-दहा सेशननी जाळ्या आणि काच. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये २०-३० मिनिटं बुडवा. नळीत अल्कोहोलबरोबर चमचाभर जाडं मीठ घालून दोन्ही तोंडं बंद करून हलवा. मीठ त्यात विरघळत नाही, त्यामुळे घासणीचं काम करतं. ७० टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये ते चालत नाही, उरलेलं पाणी मीठ विरघळवतं आणि कीटही नीट सुटत नाही. मग गरम पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या.

प्लास्टिकचे भाग बुडवू नका. काही प्लास्टिकला अल्कोहोलने बारीक तडे जातात. ओ-रिंग (सांध्यातून हवा गळू न देणारी रबरी कडी) आधी काढून कोमट साबणपाण्यात धुवा. अल्कोहोलमध्ये राहिली तर फुगते आणि परत खाचेत बसत नाही. चेंबरच्या आत फक्त ओलसर कापसाची काडी, थेंब गळेल इतकी ओली नको.

आणि सर्वांत महत्त्वाचं: आयसोप्रोपिलची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते, तिचा ज्वलनांक १२ अंशांच्या आसपास आहे. अल्कोहोलचा वास पूर्ण जाईपर्यंत यंत्र सुरू करायचं नाही आणि जवळ ज्योत नको. वास गेल्यावर रिकामं एकदा तापवा.

भरडदळण

प्रश्न: नवीन यंत्र टाइप-सीचं आहे, पण सी-टू-सी केबलने पॉवर बँकेवर चार्जच होत नाही. जुन्या चौकोनी तोंडाच्या केबलने होतं. बिघाड आहे का?

वाफाळ

बिघाड नाही, बचत आहे. सी-टू-सी मध्ये पॉवर बँक आधी विचारते की पलीकडे कोणी आहे का, आणि यंत्राच्या सॉकेटमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रोधक असले तरच उत्तर जातं. काही उत्पादक ते घालत नाहीत. चौकोनी तोंडाच्या केबलला हा प्रश्नच नसतो, ५ व्होल्ट सरळ येतात. तीच केबल वापरा.

बदलता येणारी बॅटरी असेल तर चार गोष्टी. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ लांबी. संरक्षक सर्किट असलेली ६८ ते ७० भरते आणि बऱ्याच यंत्रांत झाकण बसत नाही. सपाट टोक की उंचवट्याचं, हे यंत्राच्या माहितीपत्रकात बघा. प्रवाहाची क्षमता तिथे सांगितलेल्यापेक्षा कमी नको, हीटर तापताना एकदम जोराने ओढतो. आणि वेष्टण फाटलं तर बॅटरी वापरू नका: संपूर्ण नळकांडं ऋण ध्रुव असतं, धन टोकाशेजारचं वेष्टण गेलं की चावी किंवा नाण्यानेसुद्धा शॉर्ट होतं. सुटी बॅटरी नेहमी प्लास्टिकच्या डबीत.

महिनाभर ठेवून द्यायची असेल तर अर्धी चार्ज करून ठेवा. शून्य अंशांखाली चार्ज करू नका.

विमानात यंत्र आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात, चेक-इनमध्ये नाही. ३००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ३.६ व्होल्टने १०.८ वॅट-तासांची होते, मर्यादा १०० ची, तेव्हा आकार अडत नाही. यंत्र रिकामं, धुतलेलं आणि प्रवासात सुरू होणार नाही असं कुलूपबंद. आणि उतरायच्या देशाचा कायदा तिकीट काढण्याआधी वाचा, काही ठिकाणी रिकामं उपकरण जवळ असणंही गुन्हा ठरतं.

पुदिना_पान

ओढ जड झाली तर कुठून तपासायला सुरुवात करावी?

मंदआच

चेंबर रिकामा करून ओढून बघा. मोकळं वाटलं तर दोष भरणीत आहे: दळण बारीक किंवा दाब जास्त. तरीही जड असेल तर माउथपीस काढून ओढा. मोकळं झालं तर कीट माउथपीसमध्ये किंवा वरच्या जाळीत. तेही नसेल तर खालची जाळी आणि हवा आत येण्याची भोकं उजेडाकडे धरून बघा. कापडी पिशवीतले धागे तिथे अडकलेले सापडतात.

उलट, ओढ एकदम हलकी झाली आणि वाफ पातळ, तर हवा बाजूने गळतेय. ओ-रिंग झिजली असणार. ती बदलताना जुनीचा आतला व्यास आणि जाडी दोन्ही मोजा, कारण दाबली जाऊन जुनी चपटी झालेली असते. खाचेची खोली मोजलीत तर जास्त भरवसा, नवीन ओ-रिंगची जाडी त्याहून किंचित जास्त हवी. बसवण्याआधी पाण्याचा थेंब लावा, तेल नको.